मंगळवारची कॉफी

रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं, पेल्याचं काय ते ठरवायचं आहे, असं आईंनी सांगितलं आणि निकाल आपल्याविरुद्ध लागणार हे थोरल्या सुनेने त्याच क्षणी धरून टाकलं. तिचा स्वभावच तसा होता. वाईट बातमी अजून कोपऱ्यावर असायची, तोवर हिने तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली असायची.

पेला म्हणजे तरी काय, पांढरा, बिनकानाचा, काठाचा टवका उडालेला. रस्त्यावर ठेवला असता तर कोणी फुकट नेला नसता. पण आजेसासूबाईंनी हे कॉफीचं दुकान मांडलं तेव्हापासून घराचा रिवाज होता, की खाली भट्टीवर बियांचा एक घाणा भाजून झाला की त्यातल्या मूठभर दळायच्या, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी करायची आणि ती ह्या पेल्यातून वर न्यायची. वर बसलेली घरची कर्ती बाई एक घोट घेणार आणि म्हणणार, "चालेल." मगच पोत्यांची तोंडं शिवायची. "नाही" म्हणाली तर तो घाणा खानावळींना स्वस्तात जायचा आणि भाजणारीचा दिवस नासायचा. हा शब्द आधी आजेसासूबाईंचा होता, त्यांच्यामागे आईंचा झाला. पुढे कोणाचा, हे आजवर कोणी तोंडाने विचारलं नव्हतं. पोटात मात्र सगळ्यांच्याच होतं.

थोरली लग्न होऊन आली ती घरात न शिरता थेट भट्टीपाशीच जाऊन उभी राहिली, असं थट्टेने म्हणत. फारसं खोटं नव्हतं. बियांचा हिरवा वास जाऊन पिवळा वास कधी लागतो, पहिली तडतड झाल्यावर किती दम धरायचा, पावसाळी हवेत आच कुठे कमी करायची, हे तिला कोणी शिकवलं नाही. आईंनी फक्त हो-नाही केलं आणि ती शिकत गेली. आईंनी घोट घेतला की ती दारातच थांबायची आणि विचारायची, "कशी झालीय?" रोज तोच प्रश्न, त्याच उंबऱ्यावरून. आईंचं उत्तर आलं की ती जिना उतरायची तेव्हा तिचं वजन निम्मं झालेलं असायचं.

धाकटी सून मात्र विमा कंपनीच्या कचेरीत होती. भट्टीच्या खोलीत यायची वेळ आली तर नाकाला रुमाल लावून यायची आणि केसांना वास लागेल म्हणून दोन मिनिटांत पळायची. तिचा नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. मंगळवारी तिला अर्धी सुट्टी असायची. हिवाळा सरल्यापासून दर मंगळवारी दुपारी ती गाडी घेऊन दारात यायची, आईंचा हात धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवायची आणि दोघी जायच्या. कुठे, तर चौकातल्या त्या काचेच्या कॉफीच्या दुकानात. शिंप्याच्या घरच्यांनी तयार कपडे विकत आणून मिरवावेत, तसला हा प्रकार.

आणि हे तेच दुकान, जे उघडलं तेव्हा आई स्वतः एकट्या जाऊन चव घेऊन आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर सगळे श्वास धरून बसले होते. आई म्हणाल्या होत्या, "रंगीत पाणी आहे. वरून फेस." घर नुसतं फुललं होतं. आईंच्या थोरल्या मुलाने ते वाक्य गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी गिऱ्हाइकंच त्याला ऐकवायला लागली.

आता त्याच रंगीत पाण्यासाठी आई केस विंचरून, चांगली चप्पल घालून तयार बसायच्या. थोरल्याने एकदा पोती पोचवून येताना काचेतून पाहिलं. घरी आल्यावर बायकोला सांगायला नको होतं, पण ह्या घरातल्या पुरुषांना काय सांगू नये हे सांगून झाल्यावरच कळतं. तो म्हणाला की आईपुढे हा एवढा उंच ग्लास होता, वर फेस, आणि आई हसत होती. थोरलीने उंच ग्लास सोडून दिला, फेसही सोडून दिला. आई हसत होती, एवढंच तिने उचललं आणि दिवसभर चघळलं.

त्याच्या पुढच्याच मंगळवारी तिने घाणा जाळला.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला आणि ती खिडकीशी गेली. नुसतं बघायला. धाकटीने दार उघडलं, आईंच्या खांद्यावरची शाल सारखी केली, काहीतरी बोलली, आईंनी तिच्या गालाला हात लावला. तेवढ्यात मागे दुसरी तडतड सुरू होऊन संपलीसुद्धा. थोरली वळली तेव्हा धूर येत होता. बिया काळ्या, तेलकट. एरवी तिने त्या फेकून दिल्या असत्या. पण संतापाने तिचा ताबा घेतला होता. तिने त्याच बिया दळल्या, कॉफी केली, आणि आई परत आल्यावर पेला वर नेला. मनात म्हणाली, आता पिऊन बघा म्हणावं, आणि सांगा काय जळतंय ते.

आईंनी तिच्याकडे पाहिलं. घोट घेतला. पुन्हा पाहिलं. आणि म्हणाल्या, "चालेल."

थोरली जिना उतरली ती पाय ओढत. शेंबड्या पोरालासुद्धा कळली असती अशी ती कॉफी, आणि जिच्या जिभेला अख्खा बाजार वचकून होता तिला कळली नाही? शक्यच नव्हतं. म्हणजे मन लावून प्यायल्याच नाहीत. आता आपल्या कॉफीकडे त्यांचं लक्षच उरलं नाही, काय द्यायचं ते सगळं त्या काचेच्या दुकानात देऊन येतात. त्या रात्री तिने जळका घाणा डब्यात भरून कपाटात ठेवला. पोत्यात नाही शिवला, तेवढा धर्म तिने पाळला.

वन्सं शनिवारीच आल्या. वन्सं म्हणजे आईंची मोठी मुलगी, गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं औषधांचं दुकान. माहेरी आल्या की त्या आधी स्वयंपाकघरात शिरायच्या आणि ओट्याला टेकून सगळ्यांची नाडी बघायच्या. थोरलीने भांडी घासता घासता सगळं सांगितलं. जळका घाणाही सांगितला.

वन्संचं पित्त खवळलं. त्यांचं म्हणणं असं, की तिथल्या एका ग्लासाच्या पैशात आपली पाव किलो पूड येते, आणि ही धाकटी दर आठवड्याला आईला तिथे नेते ती काही माया उतू चाललीय म्हणून नाही. पेल्यासाठी चाललंय सगळं. नवरा बोटीवर, हिला घरात पाय रोवायचाय.

"तू सरळ सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लाव, वहिनी," त्या म्हणाल्या. "तिथली कॉफी एका कपात, आपली एका कपात. आईनेच सांगू दे कोणती कशी. मी आहे तुझ्या बाजूने."

थोरलीने भांडं खाली ठेवलं. एका कपात जळका घाणाही ठेवायचा, हे तिला तिथेच सुचलं. तिला काय सिद्ध करायचं होतं ते तिचं तिलाही नीट माहीत नव्हतं. आईंनी एकदा तरी मन लावून घोट घ्यावा आणि "नाही" म्हणावं, एवढंच हवं होतं. "नाही" म्हणाल्या असत्या तर ती आनंदाने रडली असती.

धाकटीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. रविवारी सकाळी ती हातात कागदी कप घेऊन आली, चौकातल्या दुकानातला, झाकण लावलेला. वन्संना ओट्यापाशी बघून तिने तो त्यांच्याच हातात दिला. काल दुकान आवरून दमून आला असाल, घ्या, असं म्हणाली. वन्संनी आधी कपाकडे असं पाहिलं की जणू त्यात औषध चुकीचं भरलंय. मग एक घोट घेतला. मग भिंतीकडे तोंड करून सावकाश सगळा संपवला. दुपारी थोरली त्यांच्याकडे आधाराला बघायला लागली तेव्हा त्यांची नजर जरा इकडेतिकडे होत होती.

धाकटीच्या मनात काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं, कारण सांगण्यासारखं नव्हतं. मंगळवार हा तिच्या आठवड्यातला एकुलता एक वार होता ज्या दिवशी कोणीतरी तिची वाट बघायचं. तिने खिशातले पैसे मोजायचे, मऊ खुर्ची बघून आईंना बसवायचं, ग्लास समोर ठेवायचा. आणि तासभर आई बोलायच्या कोणाबद्दल, तर थोरलीबद्दल. ती हवेचा अंदाज कसा घेते. ती आली त्या वर्षी तिने भट्टीची आच कशी उलटी फिरवली आणि सासरे कसे शिंकत पळाले, ह्यावर आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या. "तिच्यासारखं नाक ह्या घरात कोणाला मिळालं नाही," असं म्हणायच्या, आणि धाकटी मान डोलावून साखर ढवळायची. महागडी कॉफी आपण पाजायची आणि कौतुक जावेचं ऐकायचं. एकदा घरी परतताना गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड बघून ती म्हणाली होती, तू इथे ड्रायव्हर आहेस, बाई. तरी पुढच्या मंगळवारी गेलीच.

जेवण आटोपलं. ताटं उचलली गेली. आई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, थोरला त्यांच्या शेजारी, समोर वन्सं आणि धाकटी. आई बोलायला तोंड उघडणार तोच थोरली उठली.

तिने शांतपणे सांगितलं की पेल्याचं नंतर बघू. आधी एक ठरू दे. चौकातल्या दुकानात इतके पैसे घेतात ते खरोखर कॉफीचे घेतात का, हे एकदा आईंनीच सांगावं.

"माझ्या पगाराचे पैसे जातात," धाकटी म्हणाली. तिचा आवाज नको तितका थंड होता. "कोणाच्या गल्ल्यातून काढले नाहीत मी."

"पैशाचं कोण म्हणतंय," थोरली म्हणाली.

"तुम्हीच म्हणताय, ताई. गेले कित्येक महिने तुम्ही मोठ्याने म्हणत नाही, पण भांडी आपटता त्यातून ऐकू येतं मला."

थोरल्याने मध्ये पडायचा प्रयत्न केला. म्हणाला, ती काच, ते दिवे, ती गाणी, ह्या सगळ्याचे पैसे लावतात, कॉफी त्यात नावाला. वन्संनी पाणी प्यायलं आणि म्हणाल्या की तसं बघायला गेलं तर कॉफी अगदीच वाईट नसावी. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. वन्संनी लगेच ग्लास खाली ठेवून मीठदाणी सरळ केली.

मग थोरली खाली गेली आणि ट्रेमध्ये एकसारखे तीन कप घेऊन आली. नवऱ्याला पाठवून चौकातून बिनदुधाची मागवून ठेवली होती, ती एकात. आजचा ताजा घाणा एकात. डब्यातला जळका एकात. तिन्ही गरम, तिन्ही काळे. तिने कप आईंपुढे ओळीने ठेवले आणि मागे सरून उभी राहिली. उद्या कोणी म्हणायला नको की थोरलीने खुणा केल्या, म्हणून तिने आपलं तोंड भिंतीसारखं कोरं केलं.

आईंनी आधी कपांकडे पाहिलं नाही. त्यांनी थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथे काही सापडलं नाही.

हिवाळ्यातल्या त्या तापानंतर त्यांचं नाक गेलं होतं. वास गेला आणि त्यामागे चवही गेली. साबण हुंगला तरी तेच आणि कॉफी प्यायली तरी तेच, नुसतं गरम. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. काय म्हणून सांगायचं? ह्या घरात त्यांची सगळी किंमत त्या एका शब्दात होती. तेव्हापासून त्या पेला ओठाला लावायच्या आणि उंबऱ्यावरच्या सुनेकडे बघायच्या. घाणा साधला असला की थोरलीच्या भुवया जरा वर असायच्या, प्रश्न विचारतानाही उत्तर माहीत असल्यासारख्या. बिनसला असला की ती ओठ आत घ्यायची. त्यावरून त्या हो किंवा नाही म्हणायच्या, आणि एकदाही चुकल्या नव्हत्या. फक्त त्या मंगळवारी तिचा चेहरा रागाने इतका भरला होता की त्यात दुसरं काही वाचता आलं नाही. त्यांना वाटलं, बाहेर जाऊन आले त्याचा राग असेल. म्हणून त्या चालेल म्हणाल्या होत्या.

आणि मत्सरही होता. तो त्यांनी स्वतःपाशीसुद्धा कबूल केला नव्हता. सून खालून जिना चढून यायची ती नुसत्या वासावर सगळं जाणून. आपण इथे बसून तिच्या भुवया मोजायच्या. कधीकधी तो पेला तिच्या अंगावर उलटा करावासा वाटायचा त्यांना.

पहिला कप त्यांनी उचलला. घोट घेतला. "चालेल."

दुसरा. "चालेल."

तिसऱ्याला हात लावला आणि तो हात तिथेच राहिला. सगळे बघत होते. आईंनी कप सरकवला आणि म्हणाल्या, "मला काही कळत नाही गं."

थोरल्याला वाटलं की आई रागाने बोलतेय. वन्सं औषधांच्या दुकानातल्या, त्यांना आधी कळलं. त्यांनी विचारलं, कधीपासून, आणि आईंनी सांगून टाकलं. तापाचं, डॉक्टरांचं, आणि भुवयांचंही. सांगताना त्या सुनेकडे बघत नव्हत्या.

"हिवाळ्यापासून ह्या घराचं चालेल-नाही हीच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "मी नुसती तोंड हलवत होते."

थोरली ट्रेची कड धरून उभी होती. इतके महिने तिने आईंच्या मनात काय असेल ते स्वतःच रचून ठेवलं होतं, ते सगळं आता उचलून कुठे ठेवायचं ते तिला सुचेना.

धाकटीने विचारलं, "मग दर मंगळवारी तिथे कशाला जायचं होतं तुम्हाला?" तिच्या आवाजात दुखावलेपण होतं, ते तिने लपवलं नाही.

"तिथली मुलगी ग्लास ठेवते आणि निघून जाते," आई म्हणाल्या. "कशी झालीय म्हणून कोणी विचारत नाही. सगळ्या आठवड्यात तेवढा एक कप मला खोटं न बोलता पिता यायचा. तू त्याचे पैसे देत होतीस. मला ते कधी महाग वाटले नाहीत."

हे ऐकून दोघी सुनांना एकाच वेळी लागलं, पण वेगवेगळ्या जागी. थोरलीला तिचा रोजचा प्रश्न आठवला, उंबऱ्यावरचा. धाकटीला कळलं की तिला वाटत होती तेवढी ती त्या मंगळवारांत महत्त्वाची नव्हती.

आईंनी तिन्ही कप थोरलीकडे ढकलले. तिला म्हणाल्या, बस इथे माझ्या खुर्चीत, घोट घे आणि सगळ्यांसमोर सांग.

थोरली बसली. कोणत्या कपात काय आहे हे तिला माहीतच होतं, तिनेच ओतलं होतं. पहिला कप तिने ओठाला लावला आणि लगेच खाली ठेवला. ही जळलीय, म्हणाली. मी जाळली. मंगळवारी तुम्हाला गाडीत बसताना खिडकीतून बघत होते म्हणून. दुसरा घेतला. हा आजचा घाणा, चालेल. हे बोलताना तिला विशेष काही वाटलं नाही. तो शब्द आपला व्हावा म्हणून तिने जीव टाकला होता आणि तोंडातून तो असा पाण्यासारखा निघून गेला.

तिसरा कप चौकातला होता. तिने घोट घेतला आणि तो जिभेवर धरून ठेवला.

रंगीत पाणी, एवढंच म्हणायचं होतं. सगळं घर तेच ऐकायला बसलं होतं. नवऱ्याचा चेहरा तर टाळी वाजवायच्या तयारीत होता. आईंना चव नाही, धाकटीला समज नाही, वन्संना काय, मिळेल ते गोड. ती काय म्हणतेय हे तपासणारं ह्या जगात कोणी नव्हतं. तिने घोट गिळला. मग पुन्हा एक घेतला, कारण पहिल्यावर तिचा विश्वास बसेना.

"चांगली आहे," ती म्हणाली.

थोरल्याने म्हटलं, म्हणजे कशी चांगली.

"आपल्यापेक्षा चांगली भाजलीय. एका बाजूने. मागून जी जराशी आंबट चव राहते ना, ती मला साधत नाही. त्यांना साधलीय." तिचे कान लाल झाले होते. "पैसे मागतात तेवढ्यांची नाही. तेवढ्यांची कुठलीच कॉफी नसते. पण चांगली आहे."

वन्सं एकदम मोकळ्या होऊन म्हणाल्या की मला सकाळीच वाटलं होतं. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

आईंनी पदराने डोळे टिपले की घाम, ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "ते दुकान उघडलं तेव्हा माझं नाक शाबूत होतं. मलाही चांगलीच लागली होती. घरी येऊन तुम्हाला रंगीत पाणी सांगितलं, कारण मी जळले होते. इतके दिवस बघत होते, पेला जिला देईन ती बाईही माझ्यासारखंच खोटं सांगते की काय." मग त्यांनी थोरल्याला कपाटातून पेला आणायला सांगितला आणि थोरलीपुढे ठेवला. समारंभ एवढाच. पेल्यात काही नव्हतं.

थोरलीने तो हातात घेतला. आईंनी पाठीवर हात फिरवला. आणि तेवढ्यात त्या धाकटीकडे वळून म्हणाल्या की मंगळवारी मात्र जरा लवकर ये, नंतर तिथली खिडकीची जागा जाते.

धाकटीला इतका आनंद झाला की तिला त्याची लाजच वाटली. थोरलीने ती लाज पाहिली. हातात पेला होता, घराचा शब्द तिचा होता, आणि तरी तिला वाटलं, हे घ्या परत आणि मला तो मंगळवार द्या.

मंगळवारी गाडी आली तेव्हा थोरली खिडकीशी गेली नाही. पाय वळवळले, पण पहिली तडतड सुरू झाली होती. तिने नजर बियांवर ठेवली, आणि मागची आंबट चव राहावी म्हणून नेहमीपेक्षा जरा आधी आच कमी केली. घाणा थंड व्हायला पसरला, दळला, कॉफी केली, आणि पेल्यातून स्वतःच एक घोट घेतला. वर कोणी नव्हतं. उंबऱ्यावरही कोणी नव्हतं. "नाही," ती मोठ्याने म्हणाली. अजून साधली नव्हती.

संध्याकाळी आई परतल्या त्या जिना न चढता सरळ भट्टीच्या खोलीत आल्या. मागोमाग धाकटी, आज नाकाला रुमाल न लावता. आईंच्या हातात कागदी कप होता, झाकण लावलेला. त्यांनी तो थोरलीपुढे धरला. तळाशी तीन-चार घोट उरले होते, गार झालेले, फेस विरलेला.

"मुद्दाम ठेवली," आई म्हणाल्या. "आज मी काय प्यायले ते सांग मला."

थोरलीने हात पुसले. कप घेतला, झाकण काढून आधी वास घेतला, मग घोट. आई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. थोरली सांगत गेली. आधी दूध लागतं, जास्त झालंय, त्याने पुढचं सगळं झाकलंय. मग कडू, पण टोचणारं नाही. मग बघा, अगदी शेवटी, संत्र्याच्या सालीची आठवण यावी तसं काहीतरी, आणि लगेच जातं. वास भाजलेल्या पावाचा. आई मधूनमधून हं म्हणत होत्या. संत्र्याच्या सालीपाशी त्यांनी तिला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा सांगायला लावलं.

धाकटी दारात उभी होती. तीही तेच प्यायली होती, त्याच टेबलावर, दोघींचे पैसे तिनेच दिले होते. आईंनी तिलाही विचारलं होतं, कशी आहे गं, आणि ती म्हणाली होती, छान आहे. तिला संत्रं लागलं नव्हतं. केसांना धुराचा वास लागत होता तरी तिचा पाय निघेना.

"पुढच्या मंगळवारी तुमच्यासाठी एक वेगळा आणते, ताई," ती म्हणाली. "गरम. अख्खा."

थोरलीने मान वर केली नाही. कपात अजून एक घोट होता आणि तो ती आईंना सांगण्यासाठी पुरवून पीत होती.

"वेगळा नको," ती म्हणाली. "आईंचा उरलेलाच आण."